गुरुजींचा गोरा चुट्टा

"इझली तं इझली. आगीले घाई असंल, आपल्याले काऊन?"

देवाजी गुरुजी हे वाक्य दर रविवारी एकदा तरी म्हणत. बोलण्याच्या नादात हातातली सिगार विझली की म्हणत, आणि म्हणून झाल्यावरही खिशातली काडेपेटी काढायची घाई करत नसत. आदिलाबादची बस डोळ्यांदेखत निघून गेली तरी तेच म्हणत. गावातली लाइट गेली तरी तेच. भीमपुरातल्या माणसांना त्याची इतकी सवय झाली होती की नवरा-बायकोचं भांडण मिटवायला बसलेले लोकसुद्धा शेवटी म्हणत, "जाऊ द्या बा, गुरुजी मनते तसं, इझली तं इझली."

गुरुजींचं वय चौऱ्याहत्तर. अंगानं ज्वारीच्या ताटासारखे सरळ, आणि तसेच बारीक. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, वरच्या खिशात पेन. पेन रोज असे. रविवारी पेनाच्या शेजारी सिगार येई.

गाव तिला सिगार म्हणत नसे. तंबाखूच्या जाड वळकटीला इकडे चुट्टा म्हणतात. बाजारात मिळणारा चुट्टा काळा आणि कडक; नवख्यानं एक झुरका घेतला तर डोळ्यांतून पाणी आणि पोटातून जेवण, दोन्ही बाहेर. गुरुजींची सिगार त्या जातीची नव्हती. रंगानं वाळलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखी फिकी, बोटभर लांब, हाताला हलकी. म्हणून लोकांनी तिला 'गोरा चुट्टा' असं नाव ठेवलं होतं. ती कुठे तरी दूर दक्षिणेत वळली जाई आणि आदिलाबादच्या बसस्टँडजवळच्या एका पानठेल्यावर पाच-पाचच्या पुडक्यात मिळे. एकीला दोन कप चहाचे पैसे. श्रीमंताची चीज नव्हे ती. पण गुरुजी ती ज्या रीतीनं ओढत, ती रीत विकत मिळत नव्हती.

रविवारी दुपारी चार वाजता ते मंडल ऑफिसच्या, म्हणजे तहसील कचेरीच्या, समोरच्या लिंबाखाली येत. ऑफिसला सुट्टी, आवार रिकामं, झाडाखाली सिमेंटचे समोरासमोर दोन बाक. त्यातल्या एकावर ते बसत आणि त्यांच्या शेजारी गोपाळराव.

हे गोपाळराव म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या माली पाटलाचे, अमृतरावांचे, धाकटे चिरंजीव. वीज खात्यात इंजिनियर म्हणून सदतीस वर्षं नोकरी करून ते रिटायर झाले आणि हैदराबादला मुलाकडे राहायला गेले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी सुभद्राबाई वारल्या. त्यानंतर अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात गोपाळरावांचं मन लागेना. मुलगा अपूर्व दिवसभर ऑफिसात, सून चैत्राली दिवसभर दुसऱ्या ऑफिसात. भिंतीवरच्या घड्याळाखेरीज घरात बोलणारं कुणी नाही. एक दिवस त्यांनी बॅग भरली आणि भीमपूर गाठलं. इथे येऊन पाहतात तो बरोबरीची माणसं एक तर वारलेली, नाही तर नागपूरला लेकाकडे गेलेली. हात जोडून नमस्कार करणारे पुष्कळ, पण शेजारी बसणारं कुणी नाही.

अशा एका रविवारी ते रस्त्यानं चालले होते आणि लिंबाखालून एक वास आला. उन्हात तापलेल्या कडब्याच्या गंजीजवळून जाताना येतो तसा, कोरडा, गोडसर वास. गोपाळरावांनी चाळीस वर्षं सिगारेटी ओढल्या होत्या आणि सुभद्राबाईंच्या हट्टानं सोडल्या होत्या. पण हा वास सिगारेटीचा नव्हता. ते थांबले.

"गुरुजी, काय ओढून राह्यले हो तुमी? वास मोठा चांगला येऊन राह्यला."

गुरुजींनी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. जरुरीपेक्षा थोडं जास्तच वेळ पाहिलं. मग कापडी पिशवीतून पुडकं काढलं, त्यातली एक सिगार उघड्या तळहातावर ठेवली आणि हात पुढे केला.

"घ्या."

गोपाळरावांनी ती उचलली आणि शेजारी बसले. खिशात लायटर होताच. सिगारेट सुटली तरी लायटर सुटला नव्हता. त्यांनी सवयीनं भस्सकन ज्योत लावली, जोरात झुरका घेतला आणि पोटात ओढला. पुढची पाच मिनिटं ते खोकत होते. समोरच्या गाड्यावर चहा उकळणारी सुनयना पाण्याचा गिलास घेऊन धावत आली. ती गुरुजींची जुनी विद्यार्थिनी.

"गुरुजी, साहेबाले मारता का काय?"

"पयल्या धड्याले सगळेच नापास होते," गुरुजी म्हणाले. "मीबी झालो व्हतो."

मग त्यांनी शिकवलं. शाळेत बाराखडी शिकवावी तसं, एकेक अक्षर सुटं करून. आधी दाढीच्या ब्लेडनं टोक कापायचं, नुसती टोपी उतरवल्यासारखं. पान उसवता कामा नये. काडी पेटवायची आणि थांबायचं. गंधकाचा वास उडून जाऊ द्यायचा. ज्योत सिगारेला लावायची नाही, अर्धं बोट खाली धरायची आणि वर सिगार फिरवत राहायची, भाकरीची कड शेकतात तशी. सगळीकडून सारखी लाल झाली की मग तोंडात. झुरका तोंडापुरताच. गिळायचा नाही. तोंडात धरायचा, जिभेवर फिरू द्यायचा आणि सोडून द्यायचा. मग सिगार खाली. दोन झुरक्यांच्या मध्ये एक गोष्ट सांगून व्हावी इतकी जागा ठेवायची.

"गोष्ट कोनती सांगाची?" गोपाळरावांनी विचारलं.

"ते ज्याची त्यानं पाहाव."

दुसऱ्या रविवारी गोपाळरावांना ती चव कळली. सुरुवातीला वाळल्या गवताची चव, अगदी फिकी, म्हणजे आहे का नाही अशी शंका यावी इतकी. पाव सिगार सरली की भाजलेल्या फुटाण्यासारखी खमंग. मध्यावर आली की जिभेच्या कडांना गोडी लागे, तव्यावर शेकलेल्या मोहफुलाची. तिथून पुढे हळूहळू कडवट. शेवटचं दीड बोट राहिलं की गुरुजी ती बाकाच्या कडेला ठेवून देत. चिरडत नसत. "आपोआप जाऊ द्या तिले," म्हणत. राखही झटकत नसत. राखेचं करडं-पांढरं बोट सिगारेच्या टोकावर तसंच वाढत जाई, दोन पेरं, अडीच पेरं. गोपाळरावांची राख नेहमी आधी पडे. गुरुजी काही बोलत नसत, पण त्यांच्या मिशीखाली जरा हालचाल होई.

दर रविवारच्या त्या तासाभरात हळूहळू गुरुजींचं अर्धं आयुष्य गोपाळरावांना कळलं. शेतमजुराच्या घरात जन्म. शाळेत पहिली दोन वर्षं दाराबाहेर. पुढे मास्तरकीचं ट्रेनिंग, मग बदल्यांवर बदल्या. बाजारहत्नूरला सात वर्षं, बेज्जूरला नऊ. बेज्जूरच्या जंगलात प्राणहिता नदीच्या अलीकडे एका खोलीची शाळा होती आणि शेजारी वनखात्याची चौकी. तिथे दक्षिणेकडचा एक रेंजर होता. त्याला मराठी येत नव्हतं, गुरुजींना त्याची भाषा येत नव्हती. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसत आणि रेंजर आपल्या डब्यातली एक सिगार गुरुजींच्या हातावर ठेवी, मग काडेपेटी हातावर ठेवी. बोलणं होत नसे. नऊ वर्षांत त्या माणसाचं नाव सोडून काही कळलं नाही, पण त्याच्याइतका जवळचा माणूस पुन्हा भेटला नाही, असं गुरुजी म्हणाले होते.

गोपाळरावही सांगत. सुभद्राबाईंच्या शेवटच्या आजारपणाबद्दल त्यांनी अपूर्वजवळ काढले नव्हते ते शब्द या बाकावर काढले होते. आठवड्याचे सहा दिवस ते एकट्यानं काढत, कारण सातव्या दिवशी चार वाजणार होते. दर महिन्याला दोन पुडकी मात्र गुरुजीच आणत. पैसे दिले तर घेत नसत. "तुमी चहा पाजा," म्हणत. असं दोन वर्षं चाललं.

मग भादव्यातला तो रविवार आला.

सकाळी सर येऊन गेली होती. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि सगळीकडे ओल होती. लिंबावरून ठिबकून नेहमीचा बाक अर्धा भिजला होता. कोरड्या अर्ध्यावर गोपाळराव आधीच बसले होते, म्हणून गुरुजी समोरच्या बाकावर बसले. मध्ये पाच-सहा पावलांचं अंतर.

गुरुजींनी सिगार कापली, काडेपेटी काढली. काडी ओढली, तर गुल नुसतं भुगा होऊन गळालं. दुसरी ओढली, तेच. तिसरी. काडेपेटी सदऱ्याच्या खिशात ओली झाली होती. नेमका तेव्हा गोपाळरावांना हैदराबादहून चैत्रालीचा फोन आला. ते एका हातानं फोन कानाला धरून बोलत होते, गुडघा दुखत होता, उठणं जिवावर आलं होतं. त्यांनी गुरुजींची अडचण पाहिली, दुसऱ्या हातानं खिशातला लायटर काढला आणि "घ्या गुरुजी" म्हणत समोर फेकला.

लायटर गुरुजींच्या पायापुढे चिखलात पडला.

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. वाकले नाहीत. मग न पेटलेली सिगार पेनाच्या शेजारी ठेवली, पिशवी उचलली, उठले आणि गेले. गोपाळराव फोनवर "हो, हो, जेवलो" म्हणत राहिले. त्यांना वाटलं, काडेपेटी आणायला गेले असतील.

गुरुजी परत आले नाहीत. पुढच्या रविवारीही आले नाहीत.

गोपाळराव त्या दिवशी सहा वाजेपर्यंत एकटेच बसले. मागची खिशात राहिलेली एक सिगार एकट्यानं पेटवून पाहिली, पण ती नुसता धूर झाली. शेवटी ते सुनयनाच्या गाड्याजवळ गेले.

"गुरुजी बिमार आहेत का?"

"नाई तं. सकाळीच दूध न्याले आलते. तेंव्हाबी तोंडभर बोलले."

"मंग इकडे काऊन नाई आले?"

सुनयनानं चहा गाळला. गिलास त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "साहेब, राग नका धरू. मांगच्या रविवारी तुमी त्यायले लायटर फेकून मारला."

"मारला? अवो, दिला!"

"फेकून देल्ला. आमच्या शाळेत एका पोट्ट्यानं डस्टर फेकला व्हता, दुसऱ्याले द्याले. गुरुजीनं मारलं नाई, पन त्या दिवशी गनित बंद. पुरा तास आमी एकमेकायले खडू देत व्हतो, हातातून हातात. चाळीस पोट्टे, चाळीस खडू. मी आतापन कोनाचे सुट्टे पैसे पाटावर टाकत नाई. हातात देतो. लोकं मनते सुनयनाबाई लय प्रेमळ हाय." ती हसली. "प्रेम कायचं? गुरुजीचा धाक हाय."

"पन काऊन तसं?"

"ते मले नाई मालूम. रुक्माबाईले इचारा."

गोपाळरावांनी दोन दिवस काढले. मनात म्हणत राहिले, एवढासा लायटर, त्यात काय! मास्तर माणूस, म्हातारपणी तिरसट झाला. पण मंगळवारी दुपारी त्यांचे पाय आपोआप बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीकडे वळले. या गल्लीत ते आयुष्यात पहिल्यांदा येत होते, हे त्यांना तिथे पोचल्यावर लक्षात आलं.

गुरुजींचं घर स्लॅबचं, निळ्या दाराचं. ओट्यावर गुरुजींची बायको रुक्माबाई सुपात तुरी पाखडत बसली होती.

"या भाऊ. आज तं रविवार नाई."

"गुरुजी आहेत?"

"हाय. झोपले." आत रेडिओ चालू होता आणि कुणी तरी त्याचा आवाज कमी केला. रुक्माबाईनं डोळा न उचलता खडे निवडले. "तुमी फेकलं मनते."

"वैनी, मी फोनवर होतो. गुडघा दुखून राह्यला होता. मनात काहीच नव्हतं माह्या."

"नसंल. गुडघा दुखत असंल. पन फेकलं ना?"

गोपाळराव ओट्याच्या कडेला टेकले. बसा म्हणायची त्यांनी वाट पाहिली नाही, आणि रुक्माबाई म्हणालीही नाही.

"त्यायचा डावा पाय पाह्यला तुमी?" तिनं विचारलं.

पाहिला होता. चपलेच्या पट्ट्याच्या वर, रुपयाएवढा, गुळगुळीत चकाकणारा डाग. दोन वर्षं दर रविवारी पाहिला होता. बैलाच्या खुराची जखम असेल असं वाटलं होतं.

"सात वर्साचे व्हते," रुक्माबाई सांगू लागली. तिचा हात थांबला नाही, सूप वरखाली होत राहिलं. "बाप, कवडूबा, पाटलाच्या वावरात कामाले. तुमच्याच. दुपारी बापाले चुट्टा पेटवाचा असला का पोराले इस्तो आनाले धाडे. घरी काडेपेटी कुठची? गोवरी घ्याची, पाटलाच्या कुंपनाबाहेर उभं राह्याचं, दोनी हातावर गोवरी धराची. अन् आतून कोनी तरी वरून निखारा टाके. हात हाताजवळ येऊ नये मनून वरून. एक दिवस निखारा गोवरीवर पडलाच नाई, पायावर पडला. यायनं गोवरी सोडली नाई. दुसरा मांगितला. तो गोवरीवर पडला. तसेच बापापाशी गेले. बापानं चुट्टा पेटवला, मंग त्याले पाय दिसला."

"कोनं टाकला होता?"

"ते नाई सांगत. मी किती वर्स झाले इचारून राह्यलो. एवढंच मनते, चिमट्यानं टाकला."

गोपाळराव उठले. "येतो," म्हणाले, आणि गल्लीतून बाहेर पडले.

विहाराच्या कोपऱ्यावर आल्यावर त्यांना चिमटा आठवला. लोखंडी, लांब, डोक्यावर कडी असलेला. न्हाणीच्या चुलीजवळ ठेवलेला असे. सहा वर्षांच्या हाताला तो फार जड होता आणि म्हणूनच हातात घ्यायला आवडे. अंगणात खाटेवर वडील. कुंपणापलीकडे एक उघडा पोरगा, हातावर गोवरी. वडील म्हणतात, "दे रे त्याले. वरून टाक, लागू देऊ नको." आणि आपण टाचा उंचावतो, एक डोळा मिटतो, गोट्या खेळताना मिटतो तसा, आणि निखारा सोडतो. पुढचं काही आठवत नव्हतं. पोरगा ओरडला असता तर कदाचित आठवलं असतं. तो ओरडला नव्हता.

सदुसष्ट वर्षं ती गोष्ट त्यांच्या डोक्यात कुठे पडून होती कुणास ठाऊक. त्यांनी ती विसरायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. विसरण्याइतकी ती त्यांना मोठी वाटलीच नव्हती. रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या धुऱ्यावर ते बराच वेळ उभे राहिले. ओळखीच्या कुणी मोटारसायकल थांबवून "साहेब, सोडू का घरी?" विचारलं, तर नको म्हणाले.

बुधवार ते शनिवार त्यांनी बोलायची वाक्यं जमवली. एक इंजिनियरसारखं होतं, एक म्हाताऱ्यासारखं. एकही धड वाटेना. मनात मोठी भीती अशी होती की खरं सांगितलं तर बाक कायमचा गेला. न सांगता नुसती लायटरची माफी मागितली, तर गुरुजी कदाचित येतील, बसतील, पुन्हा सिगार देतील. कुणाला कळणार होतं? चिमटा धरणारा हात त्यांनाच ठाऊक होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी लायटरपुरतंच बोलायचं असं पक्कं केलं होतं.

रविवारी चार वाजता ते निळ्या दारापाशी पोचले. गुरुजी ओट्यावर खाट टाकून बसले होते. सिगार पेटलेली, राखेचं पेरभर बोट चढलेलं. गल्लीत दोन-तीन दारं किलकिली झाली. पाटलाचा पोरगा इकडे कसा, म्हणून.

"या," गुरुजी म्हणाले.

खाटेवर जागा होती. गोपाळराव बसले. पक्कं केलेलं वाक्य जिभेवर होतं. त्यांनी गुरुजींच्या पायाकडे पाहिलं, आणि तोंडातून वेगळंच निघालं.

"गुरुजी, तो चिमटा माह्या हातात होता."

गुरुजींनी झुरका घेतला. तोंडात धरला. सोडला.

"मालूम हाय."

"कधीपासून?"

"तवापासून. पाय माहाच व्हता ना."

आत रुक्माबाईचं भांडं वाजायचं थांबलं. पन्नास वर्षांत नवऱ्यानं तिला न सांगितलेली गोष्ट ती आज ऐकत होती.

"मंग मले सिगार काऊन दिली? शेजारी काऊन बसू दिलं?"

"बाक सरकारी हाय. मी कोन बसू देनारा?" गुरुजी म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "अन् सिगार मनाल तं, तुमी वास चांगला येते मनले. मले वाटलं, पाहाव. माह्या हातावरून हा मानूस उचलते का नाई. तुमी उचलली. मांगंपुढं पाह्यलं नाई. मनून बसलो दोन वर्स. मांगची गोष्ट काढाची नाई असं मीच ठरवलं व्हतं."

"अन् मी..."

"मी दोन वर्स देत व्हतो. तुमी परत द्यान मनून नाई. पन एखाद्या दिवशी द्याची पाळी आली तं हातात देसान, एवढं मी धरून चाललो व्हतो."

गोपाळरावांनी गुडघ्याचं नाव काढलं नाही. फोनचंही नाही. म्हणाले, "चुकलो, गुरुजी. लायटरचं चुकलो, अन् तेंव्हाचंबी. वडिलानं सांगितलं मनून टाकला असं मनता येते. पन खरं सांगतो, मी नेम धरला होता. मले खेळ वाटला होता तो."

सिगार त्यांच्या बोटांत तशीच होती. राखेचं बोट वाकलं, तुटलं आणि त्यांच्या धोतरावर पडलं. गोपाळरावांनी दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची राख अशी पडलेली पाहिली. गुरुजींनी ती झटकली नाही. तिच्याकडे पाहत राहिले.

"नेम धरला व्हता?"

"हो."

"लय खराब व्हता मंग तुमचा नेम," गुरुजी म्हणाले. "एवढी मोठी गोवरी, अन् नेम पायावर!"

आत रुक्माबाई फुस्सकन हसली आणि मग पदर तोंडाला लावल्यासारखी गप्प झाली. गोपाळरावांना हसावं का रडावं कळेना. गल्लीतलं एक दार लागलं, दुसरं जास्त उघडलं.

गुरुजींनी उरलेली सिगार खाटेच्या माच्यावर कडेला ठेवली. अजून निम्मी होती. इतकी ठेवताना गोपाळरावांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते उठले. धोतरावरची राख तशीच. खुंटीवरची टोपी घातली, कापडी पिशवी खांद्याला लावली, चपला पायांत सरकवल्या आणि ओट्याच्या दोन पायऱ्या उतरले.

"कुठं, गुरुजी?"

ते गल्लीतून चालू लागले. मंडल ऑफिसचा रस्ता उजवीकडे होता, बसस्टँडचा डावीकडे. कोपरा अजून दूर होता.

रुक्माबाई दारात येऊन उभी राहिली होती. हात ओले, पदर खोचलेला.

"पाह्यता काय भाऊ? उठा ना," ती म्हणाली. "ते कोनाले चाला मनत नाई. मलेबी पन्नास वर्सात एकडाव नाई मनले."

गोपाळरावांनी खाटेच्या माच्याला धरलं, पण लगेच उठले नाहीत. दोन वर्षं ते या माणसाच्या शेजारी बसले होते. पाठमोरं चालताना नीट कधी पाहिलं नव्हतं. मान ताठ, खांदे सरळ, डावा पाय जरासा बाहेर टाकत गुरुजी ओल्या रस्त्यावरून हळूहळू चालले होते. विहारासमोर क्षणभर थांबून त्यांनी हात जोडले. कोपऱ्यावर आले आणि उजवीकडे वळले. दारातून रुक्माबाई पाहत होती आणि खाटेवरून गोपाळराव.

मग तेही उठले.